वाचणारा किती लांब आहे?

मी मालेगावातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बी.एड. करून नोकरीला लागले, त्याला आता बारा वर्षं झाली. स्टाफरूममध्ये संगणक बऱ्यापैकी हाताळणारी म्हणून प्रश्नपत्रिका जुळवण्याचं काम माझ्याकडे कधी आलं ते मलाही कळलं नाही. परीक्षा जवळ आली की सगळे आपापले हातानं लिहिलेले कागद माझ्या टेबलावर ठेवून जातात. "आपा, जरा देख लीजिए" एवढं म्हटलं की त्यांचं काम संपतं आणि माझं सुरू होतं.

मी जे सांगणार आहे ते एका मॉनिटरबद्दल आहे. विषय तांत्रिक वाटेल. पण त्यात माझी एक विद्यार्थिनी आहे, माझे अब्बा आहेत आणि माझ्या हातून झालेली एक चूक आहे. ती चूक मी वर्गात कबूल केली, घरी केली. इथंही करते, कारण तशीच चूक आणखी कुठल्या तरी शाळेत आज होत असेल.

२०२३ च्या जून महिन्यात शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं आम्हाला नवा मॉनिटर भेट दिला. तो आखाती देशात नोकरीला आहे. आमचा जुना मॉनिटर साडेअठरा इंची होता, आडवे १३६६ आणि उभे ७६८ पिक्सेल असलेला. नवा सत्तावीस इंची, फोर-के. म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल. खोक्यातून तो बाहेर काढला तेव्हा सदर मुदर्रिसांनी स्वतः त्याच्यावरून रुमाल फिरवला. मुलांना रांगेनं आणून दाखवला. छोटासा जलसाच झाला म्हणा ना.

बसवायला आलेल्या मुलानं तो जोडला. उर्दू जुळणीचं आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे. ते नव्या पडद्यावर उघडल्यावर अक्षरं मोठी पण धूसर दिसायला लागली, चष्म्यावर वाफ धरावी तशी. मुलगा म्हणाला, "रुको मॅडम, अभी साफ करता हूँ." त्यानं डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दीडशे टक्क्यांचा आकडा शंभरवर आणला. अक्षरं एकदम लखलखीत झाली. आणि एकदम बारीकही झाली. पण त्या वेळी आम्ही सगळे त्या लखलखीतपणाकडेच पाहत होतो.

ऑक्टोबरमध्ये पहिल्या सत्राची परीक्षा आली. सातवीचा विज्ञानाचा पेपर माझ्या एका सहकाऱ्यानं काढला होता. त्यांनी सगळीकडे पेशीला इंग्रजी 'सेल' शब्द उर्दू लिपीत लिहिला होता. मुलांनी पुस्तकात 'खलिया' वाचलेला असतो. पेपर छापून तपासून झाल्यावर ही गोष्ट माझ्या लक्षात आली. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मी 'शोधा आणि बदला'ची चौकट उघडली आणि शब्द बदलून टाकले. एका प्रश्नात 'सेल की शक्ल' असं होतं, तिथं सामान्यरूप हवं होतं, 'खलिये की'. ते वेगळं टाइप केलं, बदललं, आणि पुन्हा कागदावर न तपासता फाईल छपाईला पाठवली.

आता उर्दू न जाणणाऱ्या वाचकांसाठी सांगते. 'खे' आणि 'बडी हे' ही दोन अक्षरं दिसायला अगदी एकसारखी. फरक एका नुक्त्याचा. वर नुक्ता असेल तर खे, नसेल तर हे. आमच्या फोनेटिक कळफलकावर शिफ्ट दाबून 'के' म्हणजे खे आणि शिफ्ट दाबून 'एच' म्हणजे बडी हे. दोन्हींच्या मध्ये एकच कळ. बोट घसरलं की 'खलिया'चा 'हुलिया' होतो. पेशीच्या जागी चेहरामोहरा, रंगरूप, अंगलट. पोलीस ज्याचं वर्णन लिहून घेतात तो हुलिया.

प्रश्न होता 'नबाती खलिये की शक्ल बनाइए', वनस्पती पेशीची आकृती काढा. छापला गेला तो 'नबाती हुलिये की शक्ल बनाइए'.

वर्गात चाळीसेक मुलं. बहुतेकांनी चौकोनी पेशी काढली, भिंत, केंद्रक, हरितलवकं दाखवली. त्यांनी प्रश्न डोळ्यांनी वाचलाच नाही. सवयीनं वाचला. एका मुलीनं मात्र अख्खं कडुनिंबाचं झाड काढलं. मुळं, खोडाची खरबरीत साल, पानांची दातेरी कड, वर एक चिमणी. पान भरून. तिचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. मुलगी अबोल, शेवटच्या बाकाच्या आधीच्या बाकावर बसणारी. मी तिला शून्य दिलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पेपर वाटताना मी ते पान वर धरलं आणि म्हटलं, "हे बघा, आम्ही पेशी मागितली, बाईंनी जंगल पाठवलं." वर्ग हसला. ती बसल्या जागी आक्रसली. हलकेच म्हणाली, "आपा, सवाल में तो..." आणि पुढे बोललीच नाही. मीही विचारलं नाही.

घरी जेवताना हा किस्सा मी अब्बांना सांगितला, गंमत म्हणून. अब्बा हसले नाहीत. म्हणाले, "पर्चा दिखाओ."

माझे अब्बा कातिब होते. सत्तरच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत त्यांनी गावातल्या उर्दू साप्ताहिकांची, पुस्तकांची, लग्नपत्रिकांची किताबत केली. आधी लिथोसाठी पिवळ्या लेपाच्या कागदावर, पुढे ऑफसेट आल्यावर बटर पेपरवर. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी नस्तालीकचे वीस हजारांच्या आसपास जोडआकार लिहून काढले आणि त्यांवरून मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी नूरी नस्तालीक तयार झालं. १९८१ मध्ये लाहोरहून 'जंग' दैनिकाची आवृत्ती त्या अक्षरात निघाली. ती लाट मालेगावच्या गल्लीत पोचायला काही वर्षं लागली. पण पोचली तेव्हा अब्बांच्या कलमदानावर धूळ बसली. मी लहान होते. अब्बा सुताच्या दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागले एवढंच मला आठवतं. संगणकाला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत. "मशीन का लिखा भी आखिर किसी कातिब का लिखा है" असं ते म्हणत.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यांनी प्रश्नपत्रिका दिव्याखाली धरली, हळूहळू ओळीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"यहाँ नुक्ता कहाँ है?"

मी पाहिलं. नव्हता.

"बच्ची ने ठीक लिखा है. जो पूछा गया वही लिखा. सजा किस बात की दी?"

त्या रात्री मला झोप आली नाही. चाळीस मुलांनी जे असायला हवं होतं ते वाचलं. एकीनं जे छापलं होतं ते वाचलं. मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून दहा वेळा बजावणारी मीच. आणि जिनं तो नीट वाचला तिला मी वर्गासमोर हसू केलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले, फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, एकाला नुक्ता दिला, दुसऱ्याला नाही, आणि सांगितलं की चूक माझी होती. तिचे गुण दिले. पान पुन्हा वर धरलं, या वेळी नीट. ती हसली नाही. मुलं सहज माफ करतात असं आपण म्हणतो, पण ते आपल्या सोयीसाठी म्हणतो.

मग मी संगणकापुढे बसले आणि ती चौकट पुन्हा उघडली. 'खलिये' लिहिलं, मग 'हुलिये' लिहिलं. नेहमीसारखं बसून मला दोन्हींत फरक दिसेना. नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले तेव्हा एक टिंब दिसलं, सुईच्या टोकाएवढं. पान मोठं करून बघता येतं, पण चौकटी, मेनू, बटणं मोठी होत नाहीत. त्यांची मापं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं एकदाच ठरवून टाकलेली असतात.

हे असं का, ते समजून घ्यायला मला आमच्या गल्लीतल्या मागांचीच मदत झाली. मालेगावात जो जन्मला त्याला एका इंचात किती धागे ही भाषा कळते. आमचे चाचा घडीचं भिंग कापडावर ठेवून धागे मोजतात. समजा, साडीची किनार चाळीस धाग्यांची ठरवली. इंचात चाळीस धागे असतील तर किनार एक इंच रुंद होईल. तीच चाळीस धाग्यांची किनार, इंचात ऐंशी धागे असलेल्या तलम कापडावर विणली तर ती अर्धाच इंच भरेल. कापड उंची, पण किनार बारीक. विणकर असं कधी करत नाही. कापड बदललं की तो धाग्यांचा हिशेब नव्यानं मांडतो.

पडद्याचंही तेच आहे. आमच्या जुन्या मॉनिटरवर एका इंचात साधारण ८५ पिक्सेल होते, नव्यावर १६३. चौकटीतलं अक्षर ११ पिक्सेल उंच धरलं तर जुन्या पडद्यावर ते ३.३ मिलिमीटर भरत होतं. नव्यावर भरतं १.७ मिलिमीटर. अक्षर अर्धं झालं आणि त्याच्यावरचा नुक्ताही.

जुन्या सॉफ्टवेअरची अडचण अशी की, ते लिहिलं गेलं तेव्हा पडदे साधारण एकाच घनतेचे असत. विंडोजनं इंचाला ९६ पिक्सेल धरले होते, १९८४ च्या मॅकिंटॉशनं ७२. लिहिणाऱ्यांनी मग थेट पिक्सेलच मोजले. बटण इतके पिक्सेल रुंद, अक्षर इतके पिक्सेल उंच. पुढे पडदे तलम होत गेले. २०१० च्या आयफोनवर इंचाला ३२६ पिक्सेल आले, २०१२ पासून तसे दाट पडदे ॲपलच्या लॅपटॉपवरही दिसू लागले, आणि पिक्सेलमध्ये मापं घेतलेली जुनी कामं उघडी पडली.

विंडोज त्यावर दोनपैकी एक गोष्ट करतं. जे सॉफ्टवेअर 'मला दाट पडदा कळतो' असं सांगत नाही, त्याला ते जुन्या मापात लहान रंगवू देतं आणि मग ते चित्र फोटोसारखं ताणून मोठं करतं. म्हणून ते मोठं पण धूसर दिसतं. किंवा ताणणं बंद केलं की स्वच्छ पण बारीक. बसवणाऱ्या मुलानं दुसरा रस्ता धरला होता. त्याचे डोळे विशीतले. त्याला तो बरोबर वाटला, यात त्याचा काय दोष?

तिसरा रस्ता मला शोधूनच सापडला. पडद्याचं प्रमाण परत दीडशे टक्के केलं. मग सॉफ्टवेअरच्या चिन्हावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तिथं सगळ्यात खाली 'ओव्हरराइड'ची खूण असते आणि तिच्याखाली तीन पर्याय. 'ॲप्लिकेशन' घेतलं तर आमचं सॉफ्टवेअर बारीक, 'सिस्टम' घेतलं तर धूसर. तिसरा 'सिस्टम एन्हान्स्ड'. विंडोज १० मध्ये तो २०१७ साली आला. तो अक्षरं ताणत नाही, जुन्या पद्धतीनं रंगवली जाणारी अक्षरं मोठ्या मापात नव्यानं रंगवतो. सगळ्याच सॉफ्टवेअरला तो लागू पडत नाही. आमच्याला पडला. बटणांवरची चित्रं थोडी फिसकटलेली राहिली, पण चौकटीतला नुक्ता दिसायला लागला. एवढ्याशा कामाला दहा मिनिटं लागली. आणि ती दहा मिनिटं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्यापैकी कोणीच दिली नव्हती.

का दिली नाहीत, याचं उत्तर स्टाफरूममध्ये मिळालं. मी अक्षर मोठं केलंय असं सांगितल्यावर आमचे पन्नाशीचे क्लार्क म्हणाले, "अच्छा! मला वाटलं माझाच नंबर वाढला." त्यांनी चष्मा बदलला होता, पदरचे पैसे घालून. निवृत्तीला आलेल्या एका आपांनी संगणकाकडे जाणंच सोडलं होतं. सदर मुदर्रिस थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मुझे भी नहीं दिखता था. मगर इतनी महंगी चीज है, किसी ने दिल से दी है, कैसे कहता?"

प्रत्येकानं आपल्या डोळ्यांना दोष दिला होता. अक्षर बारीक आहे असं कोणी म्हटलं नाही. हे मी वर्गात रोज पाहते. पुस्तकाची भाषा अवघड असते, छपाई फिकी असते, माझं शिकवणंही कधी घाईचं असतं, आणि मूल मान खाली घालून म्हणतं, "मेरे दिमाग में नहीं आता." आपल्या समाजात तर ही सवय जुनी आहे. बँकेतला फॉर्म कळला नाही की आम्ही अनपढ. दवाखान्यातला कागद वाचता आला नाही तरी आम्हीच अनपढ. कागद वाचता येण्याजोगा होता का, हे विचारायला आपण शिकलोच नाही.

अब्बांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कलमदान उघडलं. बरूच्या एका बारीक आणि एका जाड कलमानं कागदावर एकेक नुक्ता टाकला. "ये कत है," ते म्हणाले. नस्तालीकमध्ये सगळी मापं कतात मोजतात. कत म्हणजे कलमाच्या टोकाच्या रुंदीचा एक तिरपा चौकोनी नुक्ता. अलिफ तीन कत उंच. बारीक कलमाचा अलिफ बारीक कलमाच्या तीन नुक्त्यांएवढा, जाडाचा जाडाच्या तीन नुक्त्यांएवढा. अक्षर लहान असो की मोठं, नुक्त्याचं आणि त्याचं नातं मोडत नाही. आणि कलम कुठलं घ्यायचं, हे अक्षर नाही ठरवत.

"कलम उठाने से पहले उस्ताद पूछते थे, पढनेवाला कितनी दूर है? अखबार हाथ में है, तो ये कलम. जलसे का पोस्टर सडक पार से पढा जाएगा, तो ये. अंधे की तरह हर जगह एक ही कलम चलाओगे तो लिखा किसके लिए?"

मला आश्चर्य वाटलं, कारण आजचे चांगले सॉफ्टवेअरवाले हेच करतात. अँड्रॉइड फोनमध्ये बटणांची मापं पडद्याच्या खऱ्या पिक्सेलमध्ये देत नाहीत, इंचाला १६० धरून केलेल्या एका कल्पित एककात देतात. मग पडदा कितीही दाट असो, बोटाखालचं बटण जवळपास तेवढंच राहतं. वेबपानांच्या मांडणीचे जे नियम आहेत त्यांत पिक्सेलची व्याख्याच वाचणाऱ्याच्या अंतरावरून केलेली आहे. हातभर अंतरावरून, म्हणजे २८ इंचांवरून, ९६ घनतेच्या पडद्यावरचं एक टिंब डोळ्याला जेवढं दिसतं, तेवढा तो पिक्सेल. शिवाय अक्षर दुपटीपर्यंत मोठं केलं तरी पान मोडू नये, असं सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून लिहिलेलं आहे. उस्तादांचा प्रश्न नियमांत उतरला आहे. तो पाळायचा की नाही, हे बनवणाऱ्याच्या हातात.

आणि नुसतं मोठं करूनही भागत नाही. नस्तालीकचा शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. त्याला उंची लागते. इंग्रजीच्या मापानं कापलेल्या बटणात तो मावत नाही. डोकं तरी छाटलं जातं नाही तर पाय. म्हणून बटणांवर उर्दू बऱ्याचदा नस्खमध्ये दिसते. आपल्या मराठीचंही फार वेगळं नाही. वरची वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार यांना जागा ठेवली नाही तर 'कोंडा'चा 'कोडा' व्हायला वेळ लागत नाही. मराठीचा अनुस्वार आणि उर्दूचा नुक्ता, दोघांचं दुखणं एकच.

भेट देणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी हे सगळं कळवलं. वाईट वाटेल अशी भीती होती. त्यानं उलट विचारलं, "आपा, पहले क्यों नहीं बताया?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता शेवटची दुरुस्ती केल्यावरही पेपर कागदावर काढून अब्बांच्या हाती जातो. ते दिव्याखाली बसून नुक्ते मोजतात. सुट्टीच्या एका दिवशी मी त्यांना शाळेत नेलं, मॉनिटरपुढे बसवलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, हात लांब करून पडद्याला बोटं टेकतात का ते पाहिलं आणि म्हणाले, "यहाँ से पढूँगा. थोडा और बडा करो." मी दीडशेचं पावणेदोनशे केलं. मग त्यांनी मान वळवून रिकाम्या वर्गातल्या फळ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशीचं माझं अक्षर त्यावर तसंच होतं.

"और वो? सबसे पीछेवाले बच्चे को दिखता है?"

मी शेवटच्या बाकाच्या आधीच्या बाकावर जाऊन बसले. बारा वर्षांत पहिल्यांदा. खालच्या दोन ओळी मला वाचता आल्या नाहीत.